एकुलती एक प्रत

१९६०च्या दशकात बर्फात फिरायला गेलेले अमेरिकन पर्यटक एक चमत्कारिक उद्योग करत. फोटो काढायचा, कॅमेऱ्यातून एकमेकांना चिकटलेले दोन कागद बाहेर ओढायचे, ते अॅल्युमिनियमच्या दोन पत्र्यांच्या मध्ये धरायचे आणि कोटाच्या आत अंगाशी दाबून उभं राहायचं. ‘कोल्ड क्लिप’ नावाचे हे पत्रे पोलरॉइड कंपनी कॅमेऱ्याबरोबर देई आणि ते आधीच आतल्या खिशात ठेवून गरम करा असं सांगे. फोटो घडवणारं रसायन गारठ्यात आळसावतं, त्याला माणसाच्या अंगाची ऊब लागते. मिनिटभर थांबून कागद सोलला, की समोरचाच डोंगर हातातल्या कागदावर उमटलेला असे. मग साथीदारांच्या हातून तो फोटो फिरायचा, आणि शेवटी प्रश्न यायचा: हा ठेवणार कोण?

प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण झटपट फोटोच्या इतिहासात तो पुन्हापुन्हा निघतो. या कॅमेऱ्याबद्दल बोलताना लोक त्याच्या वेगाबद्दल बोलतात. वेग होताच, पण तेवढं एकच नवल त्यात नव्हतं.

त्याआधी प्रवासातला फोटो घरी परतल्यावरच दिसत असे. जॉर्ज ईस्टमनचा पहिला कोडॅक कॅमेरा १८८८ साली आला, तेव्हा शंभर फोटोंची फिल्म भरलेला तो डबा पंचवीस डॉलरला मिळे. फिल्म संपली की अख्खा कॅमेराच रॉचेस्टरला पाठवायचा. दहा डॉलरमध्ये फोटो धुऊन, नवी फिल्म भरून तो परत येई. पुढे गल्लोगल्ली स्टुडिओ झाले, तरी वाट पाहणं चुकलं नाही. आपल्याकडे गेटवे ऑफ इंडियासमोरचे फोटोग्राफर पर्यटकाचा पत्ता लिहून घेत आणि फोटो मागाहून टपालानं पाठवत. मुंबई पाहून माणूस गावी पोचायचा, मुंबईतला त्याचा चेहरा त्याच्या मागून यायचा.

‘तिथल्या तिथे फोटो’ ही गोष्ट मात्र पोलरॉइडची नव्हे. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेच्या समुद्रकिनाऱ्यांवर आणि जत्रांत टिनटाइपवाले पत्र्यावर फोटो काढून काही मिनिटांत हातात देत. अफगाणिस्तानात आणि भारतात रस्त्यावरच्या फोटोग्राफरांकडे लाकडी पेटीचा कॅमेरा असे. त्या पेटीतच अंधारखोली. काळ्या बाहीतून हात आत घालून फोटोग्राफर आधी कागदी निगेटिव्ह बनवायचा, मग त्याचाच पुन्हा फोटो काढून सुलटा फोटो द्यायचा. देवस्थानांची रीत तर आणखी वेगळी. नाथद्वाऱ्यात चित्रकार श्रीनाथजींचं चित्र रंगवत आणि यात्रेकरूंचे फोटोतले चेहरे कापून देवासमोरच्या आकृतींवर चिकटवत. पंढरपुरात विठ्ठलाच्या चित्रासमोर हात जोडून काढलेला फोटो कित्येक घरांच्या भिंतींवर आजही आहे. ‘आपण तिथे होतो’ याची खूण घेऊन परतायची हौस फार जुनी. ती पुरवणारा माणूस मात्र नेहमी दुसराच असे, त्या जागी ठाण मांडून बसलेला. पर्यटकानं फक्त उभं राहायचं आणि पैसे द्यायचे.

हे काम पर्यटकाच्या हातात आलं ते एका सहलीतूनच. डिसेंबर १९४३. पोलरॉइड कंपनीचे संस्थापक एडविन लँड न्यू मेक्सिकोतल्या सांता फे गावी कुटुंबासह सुटीवर होते. हार्वर्डचं शिक्षण अर्धवट सोडलेला हा माणूस प्रकाश गाळणाऱ्या प्लास्टिकच्या पातळ तावांमुळे नावारूपाला आलेला होता. १९३७ साली काढलेली त्यांची कंपनी चष्मे आणि फिल्टर बनवत असे आणि त्या दिवसांत युद्धाच्या कामात गुंतली होती. सहलीत त्यांनी आपल्या तीन वर्षांच्या मुलीचा, जेनिफरचा, फोटो काढला. तिनं विचारलं, तो आत्ता का नाही दिसत? लँड गावात फेरफटका मारायला निघाले आणि, त्यांच्याच सांगण्यानुसार, तासाभरात कॅमेरा, फिल्म आणि रसायन यांची बरीचशी जुळणी त्यांच्या मनात तयार झाली. योगायोग असा, की कंपनीचे पेटंट वकील डोनाल्ड ब्राऊन त्याच वेळी सांता फेमध्ये होते. लँड यांनी कल्पना लगेच त्यांच्या कानावर घातली.

शोधांच्या अशा गोष्टी सांगता सांगता गुळगुळीत होतात, त्या जरा सावधपणेच ऐकाव्यात. तासाभरात सुचलेलं प्रत्यक्षात उतरवायला तीन वर्षं लागली. २१ फेब्रुवारी १९४७ रोजी न्यूयॉर्कच्या हॉटेल पेनसिल्व्हेनियात, ऑप्टिकल सोसायटी ऑफ अमेरिकेच्या बैठकीत, लँड यांनी स्वतःचाच फोटो काढला आणि जमलेल्या शास्त्रज्ञांसमोर कागद सोलून दाखवला.

युक्ती मोठी देखणी होती. प्रकाश पडलेल्या निगेटिव्हवर एक कोरा कागद येतो. दोघांच्या मध्ये, शाम्पूच्या पुडीसारख्या चिमुकल्या पुडीत, दाट रसायन भरलेलं असतं. कागद ओढताना जोडी दोन रुळांतून जाते, पुडी फुटते आणि रसायन सारखं पसरतं. जिथे उजेड पडला तिथली चांदी निगेटिव्हमध्येच काळी होऊन अडकते. जिथे पडला नाही तिथली चांदी विरघळून समोरच्या कागदावर जाते आणि तिथे काळी छटा धरते. स्टुडिओच्या अंधारखोलीत बादल्या नि ट्रे मांडून होणारं सगळं काम त्या पुडीत कोंबलेलं होतं.

२६ नोव्हेंबर १९४८ला बॉस्टनच्या जॉर्डन मार्श या दुकानात हा कॅमेरा विकायला आला. ‘मॉडेल ९५’, किंमत ८९ डॉलर ७५ सेंट, वजन दीड-दोन किलो. नाताळपर्यंत पुरेल म्हणून ठेवलेला माल पहिल्याच दिवशी संपला. फोटो तपकिरी छटेचे यायचे; काळे-पांढरे यायला १९५० उजाडलं, आणि तेही लवकर फिके पडू लागले. मग फोटोवरून फिरवायला लाखेसारख्या द्रवात भिजवलेली कांडी डब्यासोबत मिळू लागली. सहलीला निघालेला माणूस कॅमेरा, फिल्म आणि कांडी घेऊन निघायचा, आणि ओले फोटो गाडीच्या टपावर वाळत घालायचा. १९५६ सालापर्यंत असे दहा लाख कॅमेरे खपले होते.

त्या फोटोला निगेटिव्ह नव्हतं. म्हणजे असायचं, पण सोलल्यावर ते निकामी, फेकून द्यायचं. हाती उरायची एकच प्रत. दुसरी हवी असेल तर मूळ फोटो टपालानं कंपनीकडे धाडावा लागे. कंपनी त्याची नक्कल काढून देई. म्हणजे पुन्हा टपाल आणि पुन्हा वाट पाहणं आलंच. याला अपवाद काढले ते व्यावसायिकांसाठी. अमेरिकी निसर्गाचे मोठे छायाचित्रकार अॅन्सल अॅडम्स १९४९पासून लँड यांचे सल्लागार होते आणि नव्या फिल्म घेऊन डोंगरदऱ्यांत जात. योसेमिटीच्या एल कॅपिटन कड्यावर हिवाळ्यात उगवतीचा उजेड पडलेला त्यांचा १९६८चा प्रसिद्ध फोटो पोलरॉइडच्या ‘टाइप ५५’ फिल्मवरचा आहे. या फिल्ममध्ये फोटोबरोबर टिकाऊ निगेटिव्हही मिळे. सामान्य पर्यटकाच्या नशिबी मात्र एकच कागद.

त्या एकाच कागदामुळे प्रवासातली एक जुनी अढी थोडी सैल झाली. परक्या गावात कॅमेरा घेऊन जाणारा माणूस चेहरे टिपतो आणि निघून जातो. ज्याचा चेहरा, त्याला काही मिळत नाही. पोलरॉइड घेऊन गेलेल्याला निदान फोटो तिथेच देऊन येता येई. मानववंशशास्त्रज्ञांना ही सोय फार भावली.

तिचे परिणाम नेहमी गोडच झाले असं नाही. एडमंड कार्पेंटर हे अभ्यासक १९६९-७०मध्ये पापुआ आणि न्यू गिनीत गेले होते. चित्रपट, रेडिओ अशी साधनं कशी वापरावीत याचा सल्ला द्यायला तिथल्या प्रशासनानं त्यांना बोलावलं होतं. फोटो कधी न पाहिलेल्या लोकांना त्यांनी त्यांचेच पोलरॉइड दिले. आधी त्यांना त्या सपाट कागदावर काही दिसेचना. फोटोतल्या नाकावर आणि मग खऱ्या नाकावर बोट ठेवून दाखवल्यावर ओळख पटली. भीतीनं तोंडावर हात गेले. मग एकेक जण आपला फोटो घेऊन एकान्तात गेला आणि त्याच्याकडे टक लावून बसला. काही काळानं मात्र पुरुष तेच फोटो कपाळावर लावून उघड हिंडू लागले. कार्पेंटर यांनी हे सगळं आपल्या पुस्तकात लिहिलं ते आनंदानं नव्हे, धास्तावून. आपण या लोकांचं नेमकं काय केलं, असा त्या लिखाणाचा सूर आहे.

दुसरा प्रसंग उझबेकिस्तानातला. इटालियन दिग्दर्शक मिकेलांजेलो अंतोनिओनी आणि लेखक तोनिनो ग्वेर्रा पुढे कधीच न झालेल्या एका चित्रपटासाठी जागा पाहत हिंडत होते. अंतोनिओनींनी तीन म्हाताऱ्या मुसलमानांचा पोलरॉइड काढला आणि तो त्यांना भेट दिला. सगळ्यात वडीलधाऱ्यानं एक नजर टाकली आणि फोटो परत केला. वेळ थांबवून काय मिळवायचं, असं काहीसं तो म्हणाला. ग्वेर्रांनी ही आठवण लिहून ठेवली आहे, आणि अंतोनिओनींना यावर काही उत्तर सुचलं नाही हेही.

कागद सोलण्याच्या पद्धतीचा एक उपद्रव लवकरच जाणवला. सोललेला अर्धा भाग चिकट आणि कातडीला बोचणारा; तो टाकायचा कुठे? सहलीच्या ठिकाणी जमिनीवरच पडायचा. कचरा करू नका, अशी विनवणी कंपनीला ग्राहकांना करावी लागली. लँड यांना तर ती सोलासोलीच नकोशी झाली होती. १९७२मध्ये आलेला एसएक्स-७० हा त्यावरचा उतारा. मिटवला की कोटाच्या खिशात मावणारा हा कॅमेरा बटण दाबताच फोटो स्वतः बाहेर ढकलायचा, आणि फोटो भर उन्हात, डोळ्यांदेखत, आपोआप उमटत जायचा. उघड्यावर आलेली फिल्म उन्हानं जळू नये म्हणून रसायनातच उजेड अडवणारा रंग मिसळलेला होता. काम संपताच तो रंगहीन होई. बॅटरीसुद्धा कॅमेऱ्यात नव्हती. फिल्मच्या दहा फोटोंच्या डबीतच पातळ चपटी बॅटरी घातलेली. प्रवासात बॅटरी दगा देईल ही धास्तीच संपली. किंमत १८० डॉलर, त्या काळी भरमसाट.

या फोटोची पांढरी चौकट आज टी-शर्टांवर आणि लग्नपत्रिकांवर दिसते. खालची पट्टी रुंद का, हे सहसा कोणी विचारत नाही. रसायनाची पुडी तिथे दडवलेली असते म्हणून. पुडी रिकामी झाली की जागा उरते, आणि लोकांनी तिथे गावाचं नाव नि तारीख लिहायला सुरुवात केली. अभियंत्याची अडचण हौशी माणसाची वही झाली.

या कॅमेऱ्याचा सर्वांत प्रामाणिक प्रवासी कदाचित पडद्यावरचा आहे. विम वेंडर्स यांचा ‘अॅलिस इन द सिटीज’ हा जर्मन चित्रपट १९७४चा. त्याचा नायक लेख लिहायला अमेरिका फिरतो. लेख होत नाही, पोलरॉइड तेवढे साठत जातात. पेट्रोलपंप, मोटेल, रिकामा किनारा. फोटो उमटला की तो पाहतो आणि खट्टू होतो, कारण डोळ्यांनी पाहिलं ते कागदावर आलेलं नसतं. कंपनीनं वेंडर्सना बाजारात नीटसा न आलेला एसएक्स-७० चित्रीकरणाला दिला होता. ज्या यंत्राची जाहिरात व्हायची, त्याच्याबद्दलची शंकाच चित्रपटात आली, हे कंपनीच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे! स्वतः वेंडर्स यांनी त्या दशकात बारा हजारांच्या आसपास पोलरॉइड काढले. त्यांच्याकडे उरले साधारण साडेतीन हजार. बाकीचे ज्यांचे होते त्यांना त्यांनी देऊन टाकले. साडेआठ हजार फोटो जगभर कुणाकुणाच्या खणात पडलेले आहेत. त्यांची यादी नाही, आणि निगेटिव्हही नाहीत.

त्याच सुमारास वॉकर इव्हान्स सत्तरीला टेकले होते. मंदीच्या काळातल्या अमेरिकी शेतकऱ्यांचे फोटो काढणारे हे दिग्गज शेवटच्या दोन वर्षांत जवळजवळ फक्त एसएक्स-७०नंच फोटो काढत होते. रस्त्यावरच्या पाट्या, भिंतींवरची अक्षरं, मित्रांचे चेहरे, असे अडीच हजारांहून अधिक. १९७५ साली ते वारले. आणि आंद्रेई तारकोव्हस्की: १९७९ ते १९८४ या काळात त्यांनी रशियातलं गावाकडचं घर, बायको, मुलगा, कुत्रा आणि मग इटलीतली धुक्यातली गावं पोलरॉइडवर टिपली. ‘नोस्टाल्जिया’ करायला गेलेला हा दिग्दर्शक पुन्हा मायदेशी परतला नाही. १९८६च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये त्याचा अंत झाला. रशियातले ते फोटो काढताना आपण निरोप घेतोय हे त्याला ठाऊक होतं का, हे सांगता येत नाही. फोटोंत मात्र उजेड सारखा सकाळचा किंवा तिन्हीसांजेचा आहे.

प्रवासाशी या कॅमेऱ्याचं आणखी एक नातं आहे, आणि कंपनीच्या जाहिरातींत ते कधी आलं नाही. ‘आयडी-२’ नावाचं पोलरॉइडचं यंत्र ओळखपत्रासाठी समोरून आणि बाजूनं असे चेहरे मिनिटांत काढून देई. दक्षिण आफ्रिकेत कृष्णवर्णीयांना स्वतःच्याच देशात हिंडायला पासबुक बाळगावं लागे. ते नसलं तर अटक. त्या पासबुकांतले फोटो पोलरॉइडनं निघत. १९७० साली पोलरॉइडच्या बॉस्टनजवळच्या केंब्रिजमधल्या कचेरीत, कंपनीतच काम करणाऱ्या कॅरोलिन हंटर आणि केन विल्यम्स यांच्या नजरेला दक्षिण आफ्रिकेच्या ओळखपत्राचा एक नमुना पडला. हंटर रसायनशास्त्रज्ञ, विल्यम्स फोटोग्राफर. दोघांनी कामगारांची चळवळ उभी केली, बहिष्काराची हाक दिली. हंटर यांची नोकरी गेली. कंपनीनं आधी सरकारला विक्री बंद केल्याचं जाहीर केलं, पण तिथला वितरक गुपचूप माल देतच राहिला. १९७७मध्ये हे वर्तमानपत्रात फुटलं, तेव्हा पोलरॉइडनं दक्षिण आफ्रिकेतून काढता पाय घेतला. एकाला डोंगरावर जाऊन आल्याची खूण देणारं रसायन दुसऱ्याला वेशीवर अडवायच्या कामी येत होतं. इथेही प्रत एकच, आणि ती कुणी ठेवायची हे पोलीस ठरवत.

भारतात पोलरॉइड बहुतेक वेळा पाहुणा म्हणूनच आला. आयातीवर निर्बंध असलेल्या काळात अमेरिकेतल्या मामानं किंवा आखातातल्या काकानं आणलेला कॅमेरा पहिल्या डबीपुरता घरभर मिरवायचा. पुढची फिल्म मिळायची नाही. मिळाली तर परवडायची नाही. मग तो शोकेसमध्ये जाऊन बसायचा. हवामानाचाही प्रश्न होताच. आजच्या पोलरॉइड फिल्मलासुद्धा तेरा ते अठ्ठावीस अंश तापमान मानवतं. अमेरिकन माणसानं फोटो कोटात घालून ऊब दिली. नागपूरच्या मे महिन्यात तो थंड कुठे ठेवायचा? उन्हाळ्यात फोटोवर पिवळट-तांबूस झाक चढते, ती चूक कॅमेऱ्याची नसते.

गंमत अशी, की हिंदी सिनेमाच्या प्रेक्षकाला हा फोटो नीट ओळखीचा झाला तो ‘गजनी’मुळे. पंधरा मिनिटांपलीकडे काही आठवत नसलेला आमिर खानचा नायक माणसांचे फोटो काढून त्यांवर कोण मित्र, कोण शत्रू ते लिहितो. चित्रपट आला डिसेंबर २००८मध्ये. त्याच वर्षी फेब्रुवारीत पोलरॉइडनं फिल्म बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं होतं! कंपनी २००१मध्येच दिवाळखोरीत गेली होती. डिजिटल कॅमेऱ्यांपुढे तिचं काही चाललं नाही.

नेदरलँड्समधल्या एन्सखेडे इथला कारखाना बंद होताना झालेल्या कार्यक्रमात व्हिएन्नाचे फ्लोरियान काप्स आणि त्याच कारखान्यातले अभियंते आंद्रे बोसमान यांची गाठ पडली. यंत्रं भंगारात जाणार होती. त्यांनी ती विकत घेतली, मोजके जुने कामगार हाताशी धरले आणि उपक्रमाला नाव दिलं ‘इम्पॉसिबल प्रोजेक्ट’. यंत्रं होती, पण रसायनांचे पुरवठादार गेलेले. फिल्म नव्यानं शोधावी लागली. २०१० साली बाजारात आलेली पहिली फिल्म इतकी नाजूक होती, की कॅमेऱ्यातून बाहेर पडताच ती उजेडापासून झाकावी लागे. चाहत्यांनी तीही मुकाट्यानं घेतली. पुढे पोलरॉइड हे नावच या मंडळींकडे आलं. आता एका डबीत दहाऐवजी आठ फोटो असतात.

जपानच्या फुजीफिल्मनं मात्र या धामधुमीत १९९८चा इन्स्टॅक्स टिकवून धरला. पाकिटात बसेल एवढा त्याचा फोटो आणि खेळण्यासारखा गुबगुबीत कॅमेरा. हा धंदाही एकदा तळाला गेला आणि मग मोबाइलवर वाढलेल्या पिढीनं तो उचलून धरला. २०१८-१९च्या आर्थिक वर्षात असे एक कोटी कॅमेरे खपले. कॉलेजच्या मुलामुलींच्या गोव्याच्या सहलीत, लग्नाच्या हॉलमध्ये, प्रत्येक गटात एकाकडे तरी तो असतो. दहा जण आणि फिल्मही दहा, त्यामुळे वाटणीचा घोळ आजही होतोच.

त्यावरही कंपनीनं तोडगा काढला आहे. २०२१च्या अखेरीस आलेल्या इन्स्टॅक्स मिनी इव्होमध्ये फोटो आधी मागच्या पडद्यावर दिसतो. आवडला तर जुन्या कॅमेऱ्याची फिल्म पुढे सरकवणाऱ्या दांडीसारखी एक दांडी ओढायची, की तो फिल्मवर छापून बाहेर येतो. न आवडलेला पुसता येतो, आवडलेला पाहिजे तितक्या वेळा छापता येतो. दहा जणांना दहा प्रती. गेटवेवरच्या फोटोग्राफरांच्या खांद्यावरच्या पिशवीतही आता छोटा प्रिंटर असतो. पत्ता लिहून घ्यायची गरज संपली. फोटो पाचच मिनिटांत हातात येतो, आणि देताना ते विचारतात, “अजून एक कॉपी काढू का, साहेब?”